भोंगवलीची जीप वेल्ह्याच्या उतारावर

भोंगवली

मी मूळची अकोल्याची. आमच्याकडे उतार म्हणजे रेल्वेच्या पुलाचा. तो संपला की गाव पुन्हा सपाट. रात्री गाडी जिथे उभी करावी तिथेच ती सकाळी सापडते. हँडब्रेक नावाचा दांडा आमच्या गाडीतही होता, पण बाबा त्याला छत्री अडकवत. असल्या मुलीचं सासर भोर तालुक्यात निघावं, आणि चुलत सासऱ्यांच्या जीपचा हँडब्रेक धरतो की नाही याचा निकाल तिने द्यावा, ही आमच्या घरची न्यायपद्धत.

चुलत सासरे म्हणजे आप्पा. पंचाहत्तरी ओलांडलेले, डोक्यावर टोपी, गुडघे गेलेले आणि आवाज मात्र बांधावरून बांधावर पोचणारा. मूलबाळ नाही. काकू गेल्यापासून भोंगवलीतल्या घरात ते एकटे असतात आणि अंगणात त्यांची जीप. कुठल्याशा ठेकेदाराकडून जुनी घेतलेली, चारही चाकांना जोर लागणारी. तिचा मूळ रंग कोणता यावर गावात दोन मतं आहेत. या जीपने आप्पा शेतात जातात, बाजारात जातात आणि महिन्यातून एकदा थेट वेल्ह्याच्या वर, केळदच्या वाटेवरच्या एका वाडीत, धाकट्या बहिणीकडे जातात. ठकूआत्यांना आता डोंगर उतरवत नाही. एसटी वेल्ह्यापर्यंत जाते, पण पुढचा चढ आप्पांच्या गुडघ्यांना जमणारा नाही. तेव्हा जीप आहे तोवर या भावाबहिणीची भेट आहे, इतका साधा हिशेब.

दसरा होऊन थोडे दिवस झाले होते. भर दुपारी, आप्पा ओसरीवर आडवे झालेले असताना, जीप आपली आपण अंगणातून निघाली. मागे मागे जात रस्ता ओलांडून शेजारच्या गोठ्याच्या भिंतीत घुसली. म्हशी चरायला गेल्या होत्या. रोज त्या भिंतीला टेकून खेळणारी पोरं त्या दिवशी शाळेत होती. भिंत आप्पांनी बांधून दिली, पण माझ्या नवऱ्याची, श्रीधरची, झोप उडाली. त्याने फोनवर सांगितलं, जीप विकायची. आप्पा म्हणाले, हँडब्रेकचं काम आहे, तेवढं करून घेतो. बराच वेळ ओढाताण होऊन शेवटी तोडगा निघाला. हँडब्रेक दुरुस्त करायचा, जीप आत्याच्या वाडीवर न्यायची, आणि तिथल्या उतारावर ती दगड न लावता उभी राहिली तर राहील. नाही राहिली तर विकायची, आणि आप्पांनी पुन्हा विषय काढायचा नाही. आप्पांनी शब्द दिला.

साक्षीदार म्हणून मला पाठवलं, कारण श्रीधरला रजा नव्हती आणि मी, त्याच्या मते, 'कोणाच्या बाजूची नाही'. आप्पांनी माझ्या बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गाडी चालवती का गं तू?"

"चालवते की."

"मंग चालवू नगंस. बस नुसती."

भोर

भोंगवलीहून कापूरहोळ आणि तिथून भोर. वाटेत भाताची कापणी चालू होती. कापलेल्या खाचरांतून बगळे मोठ्या तोऱ्यात फिरत होते. आमच्याकडे या दिवसांत कापसाची वेचणी असते. तिथे शेत पांढरं आणि माणसं रंगीत, इथे शेत पिवळं आणि मधोमध पांढरे बगळे. आप्पा गाडी चालवताना सारखे बोलतात आणि बोलताना हातवारे करतात. पायाचा ब्रेक उत्तम होता, हे मला लवकरच आणि वारंवार कळलं.

भोरच्या मिस्त्रीचं गॅरेज चढावर होतं. मिस्त्री गोल चेहऱ्याचा, पान खाणारा आणि कमालीचा आत्मविश्वास असलेला. गाडीखाली जाण्याआधीच त्याने निदान केलं, केबल गेली म्हणून. मी विचारलं, मागच्या चाकांचे ब्रेक बघणार ना? त्याने करुणेने माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, ह्या जीपचा हँडब्रेक चाकाला नसतो. मधी असतो, पोटात. हितं, गिअरबॉक्सच्या मागं. मागच्या चाकास्नी फिरवनारा दांडा हाय ना, त्यालाच धरून ठिवतो. दांडा थांबला की गाडी थांबली."

मी रुमाल अंथरून वाकून पाहिलं. खरंच, गाडीच्या बरोबर पोटाखाली एक डब्यासारखा ड्रम होता. वर गाडीत हँडब्रेकचा दांडा ओढला की केबल ताणली जायची, आणि ड्रमच्या आतले दोन अर्धगोल तुकडे फाकून ड्रमला आतून घट्ट बसायचे. त्या तुकड्यांना मिस्त्री लायनर म्हणत होता. ड्रम उघडला तर लायनर तेलाने थबथबलेले. "बघा," मिस्त्री म्हणाला, "गिअरबॉक्सचं सील गेलंय. ऑइल पाझरतंय. म्या मगाशीच बोललो." तो मगाशी केबल बोलला होता, पण मी साक्षीदार होते, वकील नव्हते.

गिअरमध्ये ठेवून का नाही उभी करत, असंही मी विचारून पाहिलं. आप्पा म्हणाले, इंजिन इतकं म्हातारं झालंय की गिअरमध्ये ठेवलं तरी ते थोडा विचार करतं आणि मग सरकतं.

मिस्त्रीने सील बदललं, ड्रम पेट्रोलने धुतला, लायनर पॉलिश पेपरने घासले. गॅरेजसमोरच्या चढावर जीप उभी करून दांडा ओढला. जीप थांबली. मिस्त्री बाजूला कमरेवर हात ठेवून उभा राहिला, फोटो काढून घ्यायला उभं राहतात तसा. आप्पांचा चेहरा उजळला आणि मलाही बरं वाटलं. इतकं सोपं होतं तर भिंत कशाला पाडायची, असं मनात आलं.

मुक्काम आप्पांच्या ओळखीच्या एका वकिलांकडे होता. भोरच्या लोकांची एक गोष्ट मला आवडली. ते पुण्याला अजिबात घाबरत नाहीत. त्यांचं राजेशाही गाव, त्यांचे तांदूळ, त्यांच्या खवय्येपणाच्या गोष्टी. वकीलसाहेबांनी आंबेमोहोर भातावर साजूक तूप इतकं वाढलं की वरणाला जागा उरली नाही. सकाळी मी उठले तेव्हा आप्पा आंघोळ करून, जीपला बघून, पुन्हा चहाला येऊन बसलेही होते.

मार्गासनी

परत कापूरहोळ, मग चेलाडी फाट्याला आत वळून नसरापूरवरून मार्गासनी. इथून राजगड दिसू लागतो. आप्पा त्याच्याकडे बोट दाखवत नाहीत. शेजाऱ्याकडे कोण बोट दाखवतं? एका टपरीवर मिसळ खाल्ली. वऱ्हाडात वाढलेल्या जिभेला ती तिखट लागायचं कारण नव्हतं, पण लागली. ते मी आप्पांना कळू दिलं नाही. पाणी मात्र जरा जास्त प्याले.

खाऊन बाहेर आलो तर जीप टपरीसमोरच्या उतारावरून हळूहळू निघालेली. आप्पांनी धावायचा प्रयत्न केला आणि गुडघ्याने नकार दिला. टपरीवाल्याने चहाची किटली हातात असतानाच पायाने एक दगड चाकाखाली सरकवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला चहा ओतला. त्याच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य नव्हतं.

पुढे थोड्या अंतरावर दुसरं गॅरेज होतं. या मिस्त्रीने ड्रम उघडला तर लायनर पुन्हा ओले. नवं सील मात्र कोरडं ठणठणीत. "भोरला दावलीवती व्हय?" त्याने विचारलं, आणि 'भोर' हा शब्द असा उच्चारला की पुढचं काही बोलायची गरज राहिली नाही. त्याच्या मते केबल सैल होती आणि तेल जुनंच होतं, नीट धुतलं नव्हतं. मी बोटाने ते तेल पुसून पाहिलं. गिअरबॉक्सचं तेल काळं आणि दाट असतं, हे आदल्या दिवशी शिकले होते. हे पातळ होतं, आणि त्याला एक ओळखीचा वास होता. बोट नाकाशी नेलं. खोबरेल. माझ्याच वेणीचा वास असणार, असं म्हणून मी बोट रुमालाला पुसलं.

मिस्त्रीने सगळं पुन्हा धुतलं आणि केबल ताणून दिली. जीप पुन्हा चढावर उभी राहिली. आप्पा मात्र आदल्या दिवशीसारखे खुलले नाहीत. तोरण्याचा डोंगर समोर आला तेव्हा म्हणाले, "न्हाई थांबली तर इकीन. शबूद दिलाय." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "ठकीला काय सांगायचं मंग?"

मला त्यांची फार दया आली, आणि श्रीधरचा रागही आला. पण ती शाळेत गेलेली पोरं डोळ्यांसमोर आली की रागाला जागा राहत नव्हती.

वाडी

वेल्ह्याच्या पुढे रस्ता मन मानेल तसा वळतो. संध्याकाळी वाडीवर पोचलो तेव्हा आमची जीप बघून माणसं जमली. गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई जाता जाता थांबली, भारा न उतरवताच पायाने एक दगड मागच्या चाकाला लावून पुढे गेली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याने दुसऱ्या चाकाला दुसरा लावला. इथे पाहुण्याला पाणी नंतर, आधी त्याच्या चाकाला दगड. आमच्या अकोल्यात कोणाच्या गाडीला असं न विचारता दगड लावला तर भांडण होईल.

ठकूआत्या दारात उभ्या होत्या. बारीक चणीच्या, आप्पांइतक्याच मोठ्या आवाजाच्या. "दादा, लई दिसांनी," एवढंच म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मग लगेच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही त्वा आनलेली पंच व्हय?" बातमी आमच्या आधी पोचली होती.

नाचणीची भाकरी आणि खेकड्यांचा रस्सा जेवलो. खेकडा कसा फोडायचा हे मला येत नव्हतं. आत्यांनी दगडी वरवंट्याने एकेक नांगी फोडून माझ्या ताटात ठेवली, लहान मुलाला भरवावं तशी. जीपचा निकाल सकाळच्या उजेडात द्यायचा ठरलं.

सकाळी थंडीने जाग आली. ब्रश घेऊन बाहेर आले. आप्पा जीपमध्ये, चालकाच्या जागेवर नव्हे, मागे वाकून बसलेले. आंघोळ झालेली, टोपी काढलेली, डोक्याला चापून तेल लावलेलं. जीपच्या मधलं पत्र्याचं झाकण त्यांनी उचललं होतं, आणि डोक्याला लावायच्या त्याच बाटलीतून, ड्रमवरच्या भोकातून, अगदी प्रेमाने, थेंब थेंब खोबरेल आत सोडत होते.

"आप्पा, काय करताय?"

"आगं, रातभर थंडीत उबी ऱ्हाती. कुरकुरती. जरा वंगान."

मला आधी हसू आलं. मग त्या भिंतीची आठवण झाली. सील, केबल, पेट्रोल, भोर आणि मार्गासनीचे दोन शहाणे, आणि रोज पहाटे हे.

"रोज घालता?"

"मंग? दसऱ्याला सगळ्या अवजारांस्नी तेल घातलं, तवा हिलाबी घातलं. म्हनलं हिनंच काय पाप केलं? तवाधरनं रोज जरा जरा. बैलगाडीचा आख कोरडा ऱ्हायला का आमचा बा पाठीत घालायचा. फिरतं त्याला तेल पायजेच."

हे बिनतोड होतं. मी जीपच्या पायरीवर बसले.

"आप्पा, पण हे फिरायला नाही लावलेलं. हे धरायला लावलंय."

"म्हंजी?"

"हाताला तेल चोपडून तुम्ही बैलाचा कासरा धराल का?"

आप्पांनी बाटली खाली ठेवली. स्वतःच्या तेलकट तळहाताकडे पाहिलं, मूठ मिटली, उघडली.

"म्हंजी भिंत म्याच पाडली."

नाही, असं म्हणणं खोटं झालं असतं. मी बाटली उचलून तिचं बूच घट्ट लावलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

तेवढ्यात घरातून ठकूआत्यांचा आवाज आला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "लहानपनापास्नं असाच हाय त्यो. आडाच्या रहाटाला एकदा येवढं तेल घातलं, बादली सुटली ती खाली जाऊन ऱ्हायली. आईनं दिवसभर उपाशी ठिवलं. तरी सुदारला न्हाई." आप्पा म्हणाले, "तू गप गं." पण त्यांना बरं वाटलं असावं, कारण ते उठले.

दोन मिस्त्रींना दोन दिवस बारकाईने बघितल्यामुळे ड्रम उघडायला आता आम्हाला कोणाची गरज नव्हती. आप्पा पाठीवर झोपून जीपखाली शिरले आणि मी पाने देत राहिले. नेहमी चुकीचा पाना देत होते, हे त्यांनी नेहमी सांगितलं. लायनर निघाले. नुसतं धुऊन भागणार नव्हतं, तेल आत मुरलं होतं. आप्पा म्हणाले, भाजून काढू. घराबाहेर आंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेलीच होती. आत्यांनी चिमटा दिला. दोन अर्धगोल तुकडे निखाऱ्यांवर ठेवले आणि तेल फसफसत बाहेर येऊ लागलं.

खोबरं भाजल्याचा वास सगळ्या वाडीत पसरला. समोरची एक बाई कुंपणापाशी येऊन म्हणाली, "ठकूबाय, दिवाळी सरली की. आता करंज्या कुनासाटी?"

"जीपसाटी," आत्या म्हणाल्या.

पुन्हा पुन्हा भाजलं, चुलीतली राख चोळली, पॉलिश पेपरने घासलं, पुन्हा भाजलं. शेवटी धूर यायचा थांबला. आप्पांनी सगळं परत जागेवर बसवलं. हात साबणाने धुतले, राखेने धुतले, मग धोतराला पुसले आणि जीप वाडीतल्या सगळ्यात उभ्या उतारावर, तोंड वर करून नेऊन उभी केली. दांडा ओढला. पाय ब्रेकवरून काढला.

जीप जागची हलली नाही.

खरी अडचण पुढे होती. वाडीतला येणारा जाणारा प्रत्येक माणूस सवयीने चाकाला दगड लावायचा, आणि आप्पा ओरडत जाऊन तो काढायचे. एक पाहुणा तर दोन दगड लावून गेला. शेवटी आप्पा जीपशेजारी कट्ट्यावर बसून राखण करू लागले. कोणी दगडाकडे वाकलं की लांबूनच हाक मारायचे, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे, परीक्षा चाललीया." जेवणं झाली. उन्हं डोक्यावरून कलली. जीप तशीच उभी होती.

मग मी श्रीधरला फोन लावला. इथे रेंज एका जागी मिळाली तर बोलताना निघून जाते, म्हणून मी मोबाईल कानाला लावून इकडून तिकडे फिरत होते.

"थांबली?" त्याने विचारलं.

"थांबली. सकाळपासून उभी आहे. दगड नाही."

"झालं होतं काय पण?"

याचं उत्तर मी मनात तयार ठेवलं होतं. "ऑइल सील गेलं होतं. भोरला बदललं." ते खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

आप्पा कट्ट्यावरून उठले. गुडघे सांभाळत माझ्यापर्यंत आले आणि हात पुढे केला. मी फोन दिला.

"शिरीधर, सील बील ऱ्हाऊ दे. म्याच रोज तेल वतत व्हतो त्यात. भिंत म्याच पाडली. त्ये बी आता निस्तरलंय, पन तुला ठावं पायजे." त्यांनी जीपकडे पाहिलं. "इकायची का ठेवायची, तू ठरीव. शबूद दिलाय म्या." आणि त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला आणि वळून घराकडे चालू लागले.

मी फोन पुन्हा कानाला लावला.

"तुझं काय मत आहे?" श्रीधरने विचारलं. "खरं सांग. आपण काही रोज तिथे नसतो."

खरं सांगायचं तर मी चाचरले असते. उद्या आणखी कशाला तेल घालतील, कोण सांगणार? मी उत्तर शोधत वर पाहिलं, तर समोर, हातभर अंतरावर, जीपचं मागचं चाक आणि गंजलेला बंपर. रेंज शोधता शोधता मी बरोबर तिच्या मागे येऊन उभी राहिले होते.

"श्रीधर," मी म्हणाले, "मी जीपच्या मागे उभी आहे. उताराच्या बाजूला. केव्हाची उभी आहे ते मला आठवत नाही."

"मग ठेवा," तो म्हणाला.

आप्पांना सांगायला मी घरात गेले. ते ठकूआत्यांजवळ पाटावर बसून, पुढच्या महिन्यात येताना भोरहून काय काय आणायचं ते विचारत होते.